सतरा तारखेला रुजू झालेल्याचा पगार किती दिवसांचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत गेल्या आठवड्यात मनुष्यबळ व्यवस्थापनावर लेख आला होता. बोलका स्वभाव, हसतमुख चेहरा आणि माणसांची आवड एवढं भांडवल असेल तर एचआरमध्ये यायला हरकत नाही, असा त्याचा एकंदर सूर. माझ्या भाच्याने तो कापून मला आणून दाखवला, कारण त्याच खात्यात माझी सगळी नोकरी गेली. ‘मावशी, बघ, मी म्हणत नव्हतो?’ मी म्हटलं, वाचते. तोवर तू एक हिशेब कर. ३० दिवसांच्या महिन्यात एक जण १७ तारखेला सकाळी कामावर रुजू झाला. पुढे एकही रजा नाही. त्याला किती दिवसांचा पगार द्यायचा?

‘तीसातून सतरा गेले, तेरा.’ पापणी लवायच्या आत उत्तर.

चौदा. सतरावी तारीख त्याने भरली आहे की!

शेवटची काही वर्षं मी मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारत असे. नावापुढे भली मोठी पदवी, फाइलमध्ये रंगीत प्रेझेंटेशनं, आणि निम्म्याहून जास्त जण तेरावर थांबत. चूक दाखवली की म्हणत, ‘हे तर सॉफ्टवेअर करतं ना मॅडम?’ एका मुलीने मात्र मलाच उलट विचारलं, ‘साप्ताहिक सुट्ट्या धरायच्या की वगळायच्या? आणि दिवसाचा दर काढताना भागाकार महिन्याच्या दिवसांनी करता की कामाच्या दिवसांनी?’ पुढचे प्रश्न मी विचारले ते केवळ रीत म्हणून. तिची निवड माझ्या मनाने तिथेच करून टाकली होती. (हे मी करायला नको होतं. का, ते पुढे सांगते.)

एका दिवसाचा पगार ही मालकाच्या लेखी किरकोळ बाब. पण नव्या माणसाच्या हातात कंपनीचा पहिला कागद पडतो तो पगारपत्रकाचा, आणि त्यातच एक दिवस कमी निघाला, तर स्वागतसमारंभात आपण काय काय बोललो ते सगळं पाण्यात.

मी टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कचेरीत, कारकून म्हणून लागले तेव्हा आमच्या दारावरची पाटी ‘पर्सोनेल’ अशी होती; एचआरचं तेव्हाचं नाव ते. हजेरी जाड मस्टरवर. पुढे कार्ड पंच करायचं यंत्र आलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. रात्रपाळी दहाला लागायची, सकाळी सहाला सुटायची. यंत्राचा दिवस मात्र रात्री बाराला संपायचा. म्हणजे दहाचं ‘इन’ एका तारखेला आणि सहाचं ‘आउट’ दुसऱ्या तारखेला. यंत्राच्या हिशेबी पहिल्या दिवशी माणूस आला तो गेलाच नाही आणि दुसऱ्या दिवशी जो गेला तो मुळात आलाच नव्हता. एका हजेरीला दोन टोकं लागतात, इथे दोन्ही दिवशी एकेकच. दोन्ही दिवस ‘गैरहजर’.

त्या महिन्यात रात्रपाळीवाल्यांचे पगार कापले गेले. सकाळी खिडकीशी रांग. पहिला उभा होता तो एक वयस्क फिटर. खिशातून छोटी डायरी काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि सहा तारखांवर एकेक करून बोट ठेवलं. ‘बाई, या सहाही रात्री मी इथंच होतो. तुमच्या मशीनला विचारा कुठं होतो ते.’ तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या डायरीत जे होतं ते आमच्या खात्यात नव्हतं.

सुपरवायझरच्या पाळीवह्या मागवून आम्ही तीन रात्री बसून एकेक हजेरी जुळवली. उपाय तसा सोपा निघाला: पंच कितीही वाजता पडो, पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेच्या नावे तो लावायचा. आज हजेरीची सॉफ्टवेअरं हेच करतात, पण पाळी नोंदवताना ते त्यांना सांगावं लागतं, आणि सांगणारा माणूस एचआरचा असतो. आपल्याला काय सांगायचं आहे हे त्याला कळायला नको?

आपल्या लेखात भरतीबद्दल बरंच होतं. भरतीच्या आधी जे असतं त्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. कामाचं वर्णन, म्हणजे ज्याला सगळे जेडी म्हणतात ते, कसं लिहायचं? पुस्तकातलं हे प्रकरण मुलं चाळून पुढे जातात. मीही गेले होते. एकदा स्टोअरकीपरची जागा भरायची होती. मी जुन्या फाइलीतली जाहिरात काढली, तारीख बदलली आणि पाठवून दिली. नोंदी ठेवणे, साठ्याचा अहवाल देणे, संगणकाचे ज्ञान आवश्यक. माणूस मिळाला तो अक्षरशः त्या वर्णनातला: नीटनेटका, अबोल, नोंदी आरशासारख्या. दोन महिन्यांत राजीनामा. मग मी वही घेऊन अर्धा दिवस स्टोअरमध्ये जाऊन बसले. नोंदींचं काम तासाभराचं. बाकीचा वेळ दारात उभं राहून गाडीवाल्यांशी हुज्जत: पन्नास खोकी लिहिलीत, अठ्ठेचाळीस उतरलीत, सही करणार नाही. जाहिरातीत या भांडणाचा उल्लेखच नव्हता.

कामाची माहिती काढायची तर ‘या कामाला कोणते गुण लागतात?’ असं विचारू नये. त्यावर सगळे प्रामाणिकपणा आणि मेहनत एवढंच सांगतात. मागच्या वेळी हे काम कधी फसलं, तेव्हा नेमकं काय झालं, कोण काय करून बसलं आणि कोणी सावरलं, असं विचारावं. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत १९५४मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात आहे. आम्हाला हे परीक्षेत पाच गुणांना होतं. त्याचा अर्थ मला स्टोअरच्या दारात कळला.

आता मुलाखत. ‘मी माणूस पाहताक्षणी ओळखतो’ असं म्हणणारे साहेब प्रत्येक ठिकाणी भेटतील. मीही त्यातलीच, हे वर कबूल केलंच आहे. मनमोकळ्या गप्पांच्या मुलाखतीतून माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज कमी लागतो. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, कामाशी जोडलेले, आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या कसोटीवर गुण, अशा मुलाखतीतून जास्त लागतो. यावर कित्येक दशकं संशोधन झालं आहे आणि निष्कर्ष फारसा हललेला नाही. तरी गप्पाच चालतात, कारण त्यात विचारणाऱ्याला मजा येते. समितीतल्या प्रत्येकाने आपापले गुण आधी कागदावर लिहायचे आणि मगच तोंड उघडायचं, एवढा एकच नियम मी आमच्याकडे लावू शकले. त्यावरूनही एक ज्येष्ठ साहेब महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी आधी बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही त्यांची सवय मोडली होती ना!

हिशेब पक्का असलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं? पगाराच्या कामात उत्तम निघाली. पण भरतीची जागा होती ती, पगाराची नव्हे. उमेदवारांना फोन करायचा तिला इतका कंटाळा की यादी दुपारपर्यंत टेबलावर तशीच. एका उत्तराने मी भुलले आणि बाकीचं सगळं चांगलंच असणार असं धरून चालले. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२०मध्ये या चुकीला नाव दिलं, हेलो इफेक्ट. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या बाबींत दिलेले गुण त्याने पाहिले, तर एकात वर असलेला जवळजवळ सगळ्यातच वर. माणसं इतकी सरसकट चांगली किंवा वाईट नसतात. गुण देणाऱ्याच्या मनात आधी एक ठसा उमटतो आणि पेन त्यावरून फिरतं. शंभर वर्षांनीही अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म तसेच भरले जातात. एका सुपरवायझरने तर बावीस फॉर्म एकाच दुपारी भरून दिले होते. सगळ्यांना पाचपैकी तीन आणि शेरा ‘समाधानकारक’. मी ते परत नेऊन दिले आणि म्हटलं, प्रत्येकाची या वर्षातली एकेक घटना लिहा, चांगली किंवा वाईट. पंधरा जणांचं आठवलं. उरलेल्या सातांनी वर्षभर काय केलं हे त्यांना खरोखरच सांगता येईना. त्या सातांचा इन्क्रिमेंट मात्र त्याच कागदावर ठरणार होता.

‘ऐकून घेण्याची कला’ असा शब्द आपल्या लेखात आहे. तो बरोबर आहे, पण त्या कलेचा अर्धा भाग लिहिण्याचा असतो. नवीन असताना मला एका चौकशीत टिपणं घ्यायला बसवलं होतं. सुपरवायझर आणि कामगार यांच्यात बाचाबाची झालेली. मी लिहिलं, ‘कामगाराने उर्मटपणे उत्तर दिले.’ आमच्या साहेबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. ‘उर्मटपणे हा तुमचा शेरा. तो काय बोलला?’ तो म्हणाला होता, ‘तुम्ही सांगितलं तसंच केलं मी.’ साहेब म्हणाले, ‘हेच लिहा. उर्मट आहे की खरं आहे ते ठरवायला अजून अवकाश आहे.’ पुढे खरंच निघालं की काम सुपरवायझरने सांगितलं तसंच झालं होतं, चूक सांगण्यात होती. माझी ती ओळ राहिली असती तर तो माणूस कदाचित घरी बसला असता.

चौकशीची तत्त्वं दोनच आहेत आणि कोणत्याही देशात ती ओळखीची वाटतील: ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप लेखी कळला पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्यानेच न्याय करायला बसू नये. ऐकायला सोपी. पण समोर साहेबच तक्रारदार असतो आणि ‘आजच्या आज पत्र काढा’ म्हणून उभा असतो, तेव्हा त्याला ‘नाही साहेब, आधी नोटीस’ असं सांगायला हसतमुख चेहरा पुरत नाही.

ऐकण्यावरून हॉथॉर्नचा विषय निघणारच. प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो असतो: शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ ते १९३२, दिवे वाढवले तरी काम वाढलं आणि मंद केले तरी वाढलं, सबब माणसाकडे लक्ष दिलं की माणूस काम करतो. दिव्यांच्या त्या आकड्यांवर पुढच्या अभ्यासकांनी चांगल्याच शंका घेतल्या आहेत; ते बहुतेक वर्गांत सांगितलंच जात नाही. मला त्यातला दुसरा भाग जास्त शिकवून गेला. तिथे १९२८पासून वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते. कामगार ते बाजूला सारून आपल्याच विषयावर जात. मग मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न गुंडाळून ठेवले आणि माणसाला त्याच्या वाटेने बोलू दिलं. नोकरीसाठी निवड करताना प्रश्न पक्के हवेत आणि तक्रार ऐकताना प्रश्न आवरायला हवेत. हे दोन वेगळे कसब आहेत. ‘संवादकौशल्य’ या एका शब्दाखाली दोन्ही झाकली जातात.

आणि गणित. भाच्याचं तोंड इथे पुन्हा वाकडं झालं, पण इलाज नाही. वर्षभरात सोडून गेलेली माणसं भागिले सरासरी माणसं, गुणिले शंभर, ही गळतीची टक्केवारी. फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ साली ती ३७० टक्के होती. साधारण चौदा हजार माणसं कामावर राहावीत म्हणून वर्षात पन्नास हजारांवर भरती करावी लागली. हे वाचून विद्यार्थी म्हणतात, शंभर टक्क्यांच्या वर गळती कशी जाईल? जाते, एकाच जागेवर वर्षात चार माणसं येऊन गेली की जाते. जानेवारी १९१४मध्ये फोर्डने रोज पाच डॉलरची घोषणा केली, कामाचे तास नऊचे आठ केले आणि गळती धाडकन उतरली. एवढं सगळे सांगतात. त्या पाच डॉलरांसाठी घरी येऊन तपासणी व्हायची, माणूस दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, पैसे साठवतो का, हे पाहणारं स्वतंत्र खातंच कंपनीने काढलं होतं, हेही सांगायला हवं. कर्मचाऱ्याचं भलं करता करता त्याच्या घरात किती शिरायचं, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या खात्याला चिकटला आहे. आजचं त्याचं रूप म्हणजे घरून काम करणाऱ्याच्या पडद्यावर पाळत ठेवणारी सॉफ्टवेअरं.

सॉफ्टवेअरं आता अर्जही चाळतात. अ‍ॅमेझॉनने असं एक साधन करून पाहिलं होतं. जुन्या दहा वर्षांच्या अर्जांवर ते शिकवलं; त्यात पुरुषांचे अर्ज जास्त, म्हणून ते बायकांच्या अर्जांचे गुण कापू लागलं. शेवटी ते सोडून द्यावं लागलं, असं २०१८मध्ये बाहेर आलं. माझ्या पंचिंगच्या यंत्राचीच ही मोठी बहीण. तिथे निदान फिटर डायरी घेऊन खिडकीशी येऊ शकला. इथे ज्याचा अर्ज गळला त्याला कोणती खिडकी?

भाच्याला मी या क्षेत्रात येऊ नको असं म्हटलेलं नाही. उलट ये म्हटलं. शिकवणी लावण्याआधी कुठेतरी टाइम ऑफिसात दोन महिने बस, फुकट बसावं लागलं तरी बस. जिथे नोकरी करायची तिथले कामगार कायदे गाइडातून वाचू नकोस, मूळ कलमं वाच. कंटाळा येईल, पण कामगार आणि त्याची युनियन ती वाचूनच येतात. आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अगदी पहिला करार, १९१९चा. ओव्हरटाइमचा रकाना भरताना त्यामागे काय काय घडलं आहे याची जाण असू दे. पाच ओळींत, कुणाचाही अपमान न करता, नकाराचं पत्र लिहायला शीक. सरासरी आणि मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) यातला फरक समजून घे, नाहीतर चार बड्या साहेबांच्या पगारामुळे ‘आमच्याकडे सरासरी पगार चांगला आहे’ असं तू बिनदिक्कत सांगत फिरशील. आणि तोंड बंद ठेवायला शीक. तुला सगळ्यांचे पगार, आजारपणं, घटस्फोट, राजीनामे ठाऊक असणार आहेत, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत तू बसलास त्या टेबलावरच्या गप्पा थांबतील. बोलक्या स्वभावाच्या माणसाला ते फार जड जातं.

त्याने विचारलं, ‘मग माणसांची आवड काही कामाचीच नाही का?’ याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. मंदीच्या एका वर्षी मला एका दिवसात एकोणीस जणांना बोलावून कामावरून कमी केल्याची पत्रं द्यावी लागली होती. यादी मी केली नव्हती, पण खुर्चीत मी बसले होते. प्रत्येकाची फुल अँड फायनलची, म्हणजे जाताना चुकत्या करायच्या पैशांची, आकडेमोड मी आदल्या रात्री स्वतः दोनदा तपासली, रजांचे शिल्लक दिवस, शेवटच्या महिन्याचे भरलेले दिवस, सगळं. त्या दिवशी माझ्या हातात देण्यासारखं एवढंच होतं, की निदान हिशेब चुकलेला नसावा. एकाने कागद पाहिला, ओठ हलवत बेरीज केली आणि म्हणाला, ‘बरोबर आहे.’ आणि सही केली. हे मी भाच्याला सांगितलं. याला आवड म्हणायचं की नाही ते त्याने ठरवावं.

आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीत या क्षेत्रावर पुन्हा लिहिलंत तर यशस्वी अधिकाऱ्यांच्या मुलाखतींबरोबर एखादं कोरं पगारपत्रक, एखाद्या कामाचं नीट लिहिलेलं वर्णन, एखादी चौकशीची नोटीस नमुना म्हणून छापा. मुलं-मुली ती भरून पाहतील. भरताना मजा आली तर त्यांनी खुशाल यावं.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आपापले प्रसंग ओळखू येतील, म्हणून पत्राखाली नाव छापू नये.

आपली,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी

ता. क. : आपल्या त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर एचआरची ओळख करून देणाऱ्या एका कार्यशाळेची जाहिरात आहे. ‘१५ ते २५ तारखेपर्यंत सलग, एकूण दहा दिवस.’ बोटांवर मोजून पाहिलं, अकरा भरतात. त्या एका दिवसाचं मानधन शिकवणाऱ्यांना मिळणार आहे का, तेवढं कृपया विचारून सांगावं.